दहा दिवसांच्या रजेतले सहा दिवस: नौदलाच्या प्रशिक्षणात निघालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

कळव्यात आमच्या बिल्डिंगखाली परवा एक शेजारी भेटले. मुलाचं नौदलात अग्निवीर म्हणून झालंय, पुढच्या आठवड्यात चिल्क्याला निघतोय. पेढा हातावर ठेवला आणि लगेच विचारलं, "गणपतीला येईल ना हो?"

मी पंधरा वर्षं नौदलात काढून पेटी ऑफिसर म्हणून बाहेर पडलो. खारेगाव, कळवा, ऐरोली, घणसोली इकडची पोरं आणि त्यांचे आईबाप विचारायला येत असतात, आणि शंभरातले नव्वद प्रश्न भरतीचे नसतात, घरी येण्याचे असतात. एकेकाला तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं लिहून काढावं. शेजाऱ्यांना मी त्या दिवशी "बघू" म्हणालो. खरं उत्तर "नाही" होतं.

आधी जायचंय कुठं ते बघा

"ट्रेनिंगला गेलाय" एवढ्यानं काही कळत नाही. नौसैनिक म्हणून भरती झालेला मुलगा किंवा मुलगी आधी आयएनएस चिल्काला जाते. ओडिशात चिल्का सरोवराच्या काठावर हे केंद्र १९८० पासून आहे. अग्निवीरांचं तिथलं प्रशिक्षण सोळा आठवड्यांचं. त्यानंतर ज्याला जी शाखा मिळेल त्याप्रमाणे पुढची शाळा: इंजिनवाल्यांना लोणावळ्याची आयएनएस शिवाजी, इलेक्ट्रिकलवाल्यांना जामनगरची वलसुरा, स्टोअर आणि हिशेबवाल्यांना मालाड-मार्वेची हमला, तोफखान्याला कोचीची द्रोणाचार्य, मेडिकलला कुलाब्याचं अश्विनी रुग्णालय.

अधिकारी व्हायला निघालेल्यांचा रस्ता वेगळा. एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, गेलात तर खडकवासल्याला तीन वर्षं आणि मग केरळात एळिमलाची नौदल अकादमी. किंवा बारावीनंतर थेट एळिमलाला चार वर्षांचं बी.टेक. तिथं सत्र असतं. पासिंग आउट परेड मेच्या आणि नोव्हेंबरच्या अखेरीस होते आणि मोठी सुट्टी त्यानंतर, म्हणजे साधारण जून आणि डिसेंबरात. आता कॅलेंडर काढा. गणपती भाद्रपदात, दिवाळी आश्विन-कार्तिकात. कॅडेटची मोठी सुट्टी दोन्हींत बसत नाही. हे पहिल्याच वर्षी घरात स्पष्ट सांगून टाकलं की पुढची तीन-चार वर्षं दर श्रावणात रडारड होत नाही.

पहिले सोळा आठवडे घरी यायचं नाही, असंच धरून चाला

चिल्क्याच्या काळात सणाला, लग्नाला, बारशाला रजा मागू नका. मिळणार नाही आणि मागणाऱ्याचं नाव मात्र लक्षात राहील. मोबाइल स्वतःजवळ ठेवता येत नाही, ठरलेल्या वेळी हातात येतो, तोही थोडा वेळ. घरच्यांनी या फोनची तयारी करावी, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. दहा मिनिटांत आई, बाबा, आजी, आत्या सगळ्यांनी एकेक "जेवलास का?" विचारलं की फोन संपतो. एकानं बोलावं, बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं. आणि "कसा राहतोस रे तिकडे" असं ओल्या आवाजात विचारू नका. पोरगं आधीच सकाळी साडेचारला उठून पीटी करून आलेलं असतं, पाय सोलवटलेले असतात, त्यात घरचा आवाज ऐकून मागच्या मागे रडतं. माझ्या बॅचमधला एक अंबरनाथचा मुलगा दर फोननंतर अर्धा तास नळाखाली तोंड धूत बसायचा. त्याच्या आईला कुणीतरी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पत्र लिहा. खरंच लिहा. फोनपेक्षा पत्र जास्त टिकतं, कितीही वेळा वाचता येतं.

निघायच्या आधी एक कागद करून फ्रिजवर चिकटवा. त्यावर प्रशिक्षणार्थ्याचा नंबर, डिव्हिजनचं नाव, केंद्राचा पूर्ण पत्ता आणि ड्यूटी ऑफिसचा फोन. डिव्हिजनल ऑफिसर कोण ते तिथं पोचल्यावर कळेल, तेही नाव त्यावर लिहा. नौदलात प्रत्येक नौसैनिकाचा एक डिव्हिजनल ऑफिसर असतो, त्याच्या रजेपासून घरच्या अडचणीपर्यंत सगळं त्याच्याकडून जातं. हा कागद कशाला लागतो ते पुढे सांगतो.

सोळा आठवडे संपले की पासिंग आउट परेड, आणि इथं उलटं करायचं: तुम्ही जायचं. अग्निवीरांची पहिली तुकडी २८ मार्च २०२३ रोजी बाहेर पडली, २७३ मुली होत्या त्यात, आणि परेड सूर्यास्तानंतर झाली होती. आईबापांना बोलावणं येतं. इकडून कोणार्क एक्स्प्रेस कल्याण, पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विशाखापट्टणम करत खुर्दा रोडला जाते, दीड दिवसाहून जास्त लागतो. परेडच्या आदल्या दिवशी पोचणारं तिकीट काढू नका, दोन दिवस आधीचं काढा. तो किनारा वादळांचा आहे. ३ मे २०१९ ला फनी चक्रीवादळ पुरीजवळ धडकलं तेव्हा तिकडच्या गाड्याच बंद होत्या. एक दिवस जास्त हातात असला तर पुरी बघून होईल, वाईट काय आहे.

रजेचा हिशोब

आता मुख्य गोष्ट. अग्निवीराला वर्षाला तीस दिवसांची रजा आहे. कागदावर. रजा हा हक्क नाही, कामाच्या सोयीनं मिळते, आणि प्रशिक्षण चालू असताना तर कोर्सच्या मधल्या फटीतच मिळते. तरी तीस दिवस धरू.

समजा मुलगा विशाखापट्टणमला आहे आणि दहा दिवसांची रजा घेतली. येण्यात दिवसाहून जास्त, जाण्यात तेवढंच. दोन दिवस गेले, थोडे जास्तच. घरी आल्यावर पहिला दिवस तो झोपतो. झोपू द्या, उठवू नका. परत निघताना एक दिवस राखीव, कारण गाडी रद्द झाली, घाटात दरड आली तर तो दिवस वाचवतो. उरले सहा. दहा दिवसांच्या रजेत घराच्या हाती सहा दिवस लागतात, आणि बेत सहाचेच करायचे. मी बघितलेली बहुतेक भांडणं दहाचे बेत सहात कोंबल्यामुळे झालेली आहेत.

म्हणूनच रजेचे तुकडे करू नका. तीस दिवसांचे चार तुकडे केले की चार वेळा ते चार-चार दिवस जातात, सोळा दिवस रस्त्यात आणि झोपेत. दोन तुकडे केले तर आठ. लांबच्या पोस्टिंगला वर्षातून दोनदा या. एखादी बहीण रुसेल.

मागे-पुढे रविवार किंवा सुट्टी जोडून घेता येते, प्रिफिक्स-सफिक्स म्हणतात तिकडे. पण ते लीव्ह सर्टिफिकेटवर लिहिलेलं असलं पाहिजे. तोंडी "रविवार आहेच की" चालत नाही. प्रवासाचे दिवस वेगळे मिळतात की रजेतूनच जातात, ते रजेच्या प्रकारावर ठरतं. सर्टिफिकेट हातात आलं की गेटबाहेर पडायच्या आधी तारखा दोनदा वाचा, परत हजर व्हायची वेळसुद्धा. "१२ तारखेपर्यंत रजा" म्हणजे १२ ला रात्री की १३ ला सकाळी, यावर माझ्या डोळ्यांदेखत लोकांना शिक्षा झाल्या आहेत.

गणपतीचं काय? तुमच्या मेसमधल्या कोकणातल्या, ठाण्यातल्या, रायगडातल्या प्रत्येकाला गणपतीलाच जायचं असतं. जहाज किंवा शाळा रिकामी सोडता येत नाही. तेव्हा आपसांत ठरवा: यंदा गणपती तुझा, पुढच्या वर्षी माझा. डिव्हिजनल ऑफिसरकडे भांडत जाण्याऐवजी ठरवून गेलेल्यांना रजा लवकर मिळते. आणि आपल्या आगरी-कोळी घरांत माघी गणपती आहे, चैत्रातल्या गावजत्रा आहेत. त्या वेळी रजेला गर्दी नसते. मी आठ वर्षं जत्रेलाच आलो. पालखी खांद्यावर घेतली की गावाला वाटायचं, हा कधी गेलाच नव्हता.

तिकीट

थोडक्यात. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा रजेची तारीख नक्की होईपर्यंत थांबू नका. अंदाजानं काढा, चुकलं तर रद्द करा, थोडे पैसे जातील. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. त्या वेळी तुम्ही परेडवर असता, म्हणून हे काम घरच्या एका माणसाकडे द्या, त्याचं खातं आधारशी जोडलेलं असू दे. वॉरंट (सरकारी खर्चानं प्रवास करायचा कागद) किंवा सवलतीचा फॉर्म मिळतोय का ते रेग्युलेटिंग ऑफिसात, म्हणजे शिस्त बघणाऱ्या ऑफिसात, विचारून घ्या, लाजू नका.

एळिमलाला पय्यनूर स्टेशन, आणि कोचीला एर्नाकुलम. दोन्हींना नेत्रावती एक्स्प्रेस जाते, ठाण्याला आणि पनवेलला थांबते. नवी मुंबईकरांनी पनवेल धरावं, सामान घेऊन ठाण्याचा जिना चढण्यापेक्षा बरं. पण जूनची सुट्टी म्हणजे कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक: गाड्या सावकाश धावतात, वेळा बदलतात. गेल्या डिसेंबरचं वेळापत्रक तोंडपाठ असून उपयोग नाही. जामनगरवाल्यांनी सौराष्ट्र मेलसाठी बोरिवली गाठायचं, आणि घोडबंदर रोडला संध्याकाळी किती वेळ लागेल ते देवालाही माहीत नाही. दोन तास आधी निघा. हसू नका, दोन तास.

जवळची पोस्टिंग हीच खरी परीक्षा

लोणावळा मिळालं, मालाड मिळालं की ठाण्याच्या घरात आनंदीआनंद. "दर रविवारी येईल!" मला तेव्हाच पोटात गोळा येतो. लांब असलेल्याला निदान माहीत असतं की येता येणार नाही. जवळच्याला दर आठवड्याला वाटतं, येता येईल.

आधी नियम. लिबर्टी म्हणजे रजा नाही. काही तासांसाठी बाहेर सोडतात आणि ठरलेल्या मिनिटाला आत यायचं असतं. त्या तासांत शहराबाहेर जायची परवानगी असतेच असं नाही. लोणावळ्याच्या लिबर्टीत न विचारता कल्याणची गाडी पकडणं हा गुन्हा ठरू शकतो, भले तुम्ही वेळेत परत या. विचारा, लेखी घ्या.

मी न विचारता गेलो नव्हतो, तरी फसलो. मुंबईच्या आसपासच एका ठिकाणी कोर्स चालू होता. आत्याच्या नातवाचं बारसं, रविवार, रीतसर परवानगी, रात्री दहाला हजर व्हायचं. रविवारी मेगाब्लॉक असतो हे ठाण्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत, मी विसरलो. साडेअकराला पोचायचा तो दीडला पोचलो. पाळण्यात नाव घालून झालं होतं, ताटं मांडली होती. आई म्हणाली, "आत्ता तर आलास. अजून तासभर थांब." आणि मी थांबलो. तिथंच चुकलं. सकाळी हरवलेले दोन तास मी संध्याकाळी वसूल करायला गेलो. गेटवर पोचलो तेव्हा घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं. ड्यूटीवरच्या लीडिंग सीमननं माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या करंजीच्या डब्याकडं बघितलं आणि काही न बोलता वहीत वेळ लिहिली. महिनाभर लिबर्टी बंद, रोज दुपारी जादा ड्रिल. डबा कुणी खाल्ला ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून माझा नियम: परतायची वेळ घरी जायच्या आधी ठरते, घरी पोचल्यावर नाही. सकाळ उशिरा झाली तरी संध्याकाळ हलत नाही. शनिवारी रात्रीच ब्लॉकची बातमी बघा, मेन लाइन, हार्बर आणि ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर तिन्हींची. आणि महिन्यातून एकदाच घरी जा. उरलेल्या रविवारी झोपा, कपडे धुवा, मित्रांबरोबर मिसळ खा. दर रविवारी घरी पळणारा मुलगा बॅचमध्ये मिसळत नाही, सोमवारी थकलेला असतो, आणि कोर्सच्या परीक्षेत ते दिसतं. घरच्यांनाही मग त्याचं येणं सवयीचं होतं. आला तरी टीव्ही चालूच राहतो.

त्याऐवजी कधीतरी घरच्यांनीच तिकडं जावं. लोणावळ्याला कल्याणहून इंद्रायणी, डेक्कन एक्स्प्रेस आहेत, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. बाहेर चार तास एकत्र बसा, जेवा. माझे वडील एकदा एकटेच आले होते. आम्ही स्टेशनजवळ बाकावर बसून चहा प्यायलो, फारसं बोललो नाही, पण त्या दोन तासांत घरी चार दिवसांत होत नाही तेवढं बोलणं झालं.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी कुणाला बोलावू नका. तो पाच वाजता आपोआप उठेल, चादरीच्या कडा सरळ करेल, ताट वाढायच्या आधीच जेवून मोकळा होईल. बहिणी हसतील. तीन-चार दिवसांत उतरतं ते. त्याच्या मानेवर "आमचा साहेब" असं ओझं ठेवू नका, अजून तो शिकतोय.

नातेवाइकांसाठी एक संध्याकाळ ठेवा, एकच. दिव्याहून मामा, कोपरखैरण्याहून काकू, कोपरीहून आत्या, सगळ्यांना त्याच दिवशी घरी बोलवा. रजेवर आलेल्यानं घरोघरी चहा पीत फिरायचं नसतं. तुमच्या सहा दिवसांतले दोन त्यात जातात आणि तरी कुणीतरी राहतंच. हळदीला गेलात तर रात्री अकराला निघा. आपल्याकडच्या हळदी पहाटेपर्यंत चालतात, आणि तिथं तुमच्या हातात ग्लास देणारे दहा जण असतात. त्यातला एकही दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर गेटवर उभा राहणार नाही.

ग्लासवरून आठवलं. "कँटीनची बाटली आणलीस का?" हा प्रश्न येणारच. चुलता विचारेल, चुलत्याचा मित्र विचारेल. पहिल्याच वेळी नाही म्हणा. कँटीनचं सामान स्वतःसाठी असतं, दुसऱ्यासाठी आणणं नियमात बसत नाही. एकदा आणली की दर रजेला यादी येते.

पैशाचंही तसंच. अग्निवीराचा पहिल्या वर्षीचा पगार तीस हजार, त्यातले नऊ हजार सेवानिधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या पैशांत) जातात, हातात येतात एकवीस. "नेव्हीत आहे" म्हटल्यावर घराची डागडुजी, भावाची फी, गाडीचा हप्ता सगळं त्या एकवीस हजारांवर येऊन बसतं. आईवडिलांनी आणि मुलानं बसून एक रक्कम ठरवावी, दर महिन्याला तेवढीच पाठवावी. रजेवर येताना हात सैल सोडू नये. चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांनाच पुढं ठेवतात, बाकीचे बाहेर पडतात, हे घरात सगळ्यांना माहीत असू दे.

फोटो. नौदलानं डिसेंबर २०१९ मध्ये तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोनला आणि कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांच्या वापराला बंदी घातली, ती हेरगिरीचं प्रकरण उघडकीला आल्यावर. घरच्यांना हे माहीत नसतं. वर्दीतला फोटो, जहाजाचं नाव, "भाऊ उद्या निघतोय" असं स्टेटस ठेवायचं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचं पोस्टर फिरतं, त्यात युनिटचं नाव असतं. पोस्टर करणाऱ्याला आधीच गाठा. आई ऐकते, वहिनी ऐकते, वॉर्डातला कार्यकर्ता ऐकत नाही.

अडीनडीला

घरी कुणी अत्यवस्थ झालं तर मुलाला थेट फोन लावत बसू नका, त्याचा फोन कपाटात असेल. फ्रिजवरचा कागद काढा, ड्यूटी ऑफिसला फोन करा. नंबर, नाव, डिव्हिजन, नातं, रुग्णालयाचं नाव आणि डॉक्टर काय म्हणतायत ते सांगा. रुग्णालयाचा कागद फोटो काढून पाठवायला तयार ठेवा. खरं तेच सांगा. आजीला ताप आलाय आणि "आजी गेली" असं सांगून रजा काढणाऱ्यांची आजी पुढं खरोखर गेली तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही, हे मी बघितलंय. काही अडलं तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ते फक्त निवृत्तांसाठी आहे असा समज आहे, पण सेवेतल्यांच्या कुटुंबांचंही ऐकतात.

रजेवर असताना मुलगाच आजारी पडला, तर रजा संपायच्या आधी युनिटला कळवायचं आणि जवळच्या सैनिकी रुग्णालयात दाखवायचं. आपल्याला कुलाब्याचं अश्विनी. गल्लीतल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन चार दिवस उशिरा गेलात तर ते सर्टिफिकेट आणि तुम्ही दोघेही उभे राहाल. गाडी उशिरा धावली तर स्टेशन मास्तरकडून तसं लिहून घ्या, उतरल्या उतरल्या, गर्दी पांगायच्या आधी.

निघताना

बॅग आदल्या रात्री भरा आणि आईला भरू देऊ नका. निदान शेवटचा हात तुमचा असू दे. माझ्या पहिल्या रजेवरून परतताना आईनं सुकटीची चटणी पांढऱ्या युनिफॉर्मच्या घडीत ठेवली होती, धक्का लागू नये म्हणून. सोलापूरपर्यंत झाकण निघालं होतं. खायचं द्यायचंच असेल तर कोरडं, घट्ट झाकणाच्या डब्यात, कपड्यांपासून लांब, आणि बॅरेकमध्ये वाटता येईल एवढं. सुकट तर घरीच खा. चाळीस जणांच्या बॅरेकला तुमच्या कोळीवाड्याशी देणंघेणं नसतं.

स्टेशनवर सगळं खानदान नको. ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर संध्याकाळी आजीला उभं करणं म्हणजे पोरानं गाडी सोडून आजीला सांभाळत बसायचं. घरातच पाया पडा, रिक्षापर्यंत एक जण.

आणि पोचल्यावर गेटच्या बाहेरच फोन करा, कारण आत गेलात की फोन जमा होतो. "पोचलो" एवढं पुरे. नाहीतर इकडं कुणीतरी रात्री दोन वाजेपर्यंत गाडी कुठं पोचली ते मोबाइलवर बघत जागं असतं.